पट बदलला की पुन्हा प्याद्यापासून: रोहिणी खाडिलकर यांच्या कारकिर्दीतून धंद्याचा धडा



या आठवड्याच्या व्हिडिओत वेळ कमी पडला, म्हणून बरंच काही राहून गेलं. ते इथे सविस्तर लिहितो. वाचताना वही-पेन जवळ ठेवा, शेवटी काम दिलं आहे.

सुरुवात आपल्या रिठदमधल्याच एका गोष्टीने करतो. एक फौजी भाऊ माझ्याकडे आले. सतरा वर्षं नोकरी करून गावी परतलेले. गावात मान मोठा. २६ जानेवारीला झेंड्याजवळ त्यांची खुर्ची पुढच्या रांगेत असते. हातात निवृत्तीचे नऊ लाख रुपये आणि मनात मिनी दाल मिल. मशीनवाल्याचं कोटेशन खिशात होतं. पुढच्या सोमवारी पन्नास हजार ॲडव्हान्स द्यायचा होता. मला म्हणाले, "सर, तूर आपल्या भागात पिकतेच. अन् आपल्याले गावात कोन ओळखत नाही? चालंन ना धंदा?"

मी विचारलं, "भाऊ, शंभर किलो तुरीतून डाळ किती निघते?"

ते थोडं थांबले. म्हणाले, "निघत असंन ऐंशी-नव्वद किलो."

मी लगेच हो किंवा नाही म्हटलं नाही. त्यांना एका बुद्धिबळपटूची गोष्ट सांगितली. तीच आज तुम्हाला सांगतो.

आधी पट समजून घेऊ

मुंबईच्या खाडिलकर घराण्याचं नाव तुम्ही ऐकलं असेल. नाटककार आणि पत्रकार कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांनी १९२३ साली 'नवाकाळ' हे दैनिक सुरू केलं. त्यांचे नातू नीळकंठ खाडिलकर यांनी पुढे ते चालवलं. नीळकंठ खाडिलकरांच्या तीन मुली, वासंती, जयश्री आणि रोहिणी, तिघीही बुद्धिबळ खेळायच्या.

नुसत्या खेळायच्या नाहीत, जिंकायच्या. १९७४ साली देशातली पहिली महिला राष्ट्रीय स्पर्धा झाली, ती वासंतींनी जिंकली. १९७९ साली जयश्री भारतातल्या पहिल्या महिला आंतरराष्ट्रीय मास्टर झाल्या. पहिली दहा वर्षं महिलांचं राष्ट्रीय विजेतेपद याच घरात फिरत राहिलं.

रोहिणी सगळ्यात धाकटी, जन्म १९६३ चा. १९७६ साली, म्हणजे तेराव्या वर्षी, ती देशाची महिला विजेती झाली. आपल्याकडे तेराव्या वर्षी पोरं सातवी-आठवीत असतात, हे लक्षात घ्या.

त्याच वर्षी ती पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली. भारतात असं करणारी ती पहिलीच मुलगी. त्यावर गदारोळ झाला. मुलीने पुरुषांच्या स्पर्धेत कसं काय खेळायचं, अशी हरकत निघाली. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि निकाल तिच्या बाजूने लागला. जागतिक बुद्धिबळ महासंघाचे अध्यक्ष तेव्हा मॅक्स युवे होते. हे युवे स्वतः माजी जगज्जेते, १९३५ साली त्यांनी अलेखाइनला हरवलं होतं. त्यांनीही निर्णय दिला की राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय स्पर्धांत महिलांना मज्जाव करता येणार नाही.

आयोजकांनी वाद मिटवायला तिची राहण्याची आणि खेळण्याची सोय इतरांपासून वेगळ्या ठिकाणी केली. म्हणजे दार उघडलं, पण बसवलं बाजूला. तिने तिथे बसून तीन राज्य विजेत्यांना हरवलं.

यातून "हिंमत ठेवा" एवढाच बोध घेऊ नका. तो तर कुठल्याही कॅलेंडरवर छापलेला असतो. नीट बघा. पटावर समोरच्याला तुमचं वय, तुमचं घराणं, तुमची खुर्ची कुठे मांडली आहे, याने काही फरक पडत नाही. चाल बरोबर असली की बरोबर, चुकली की चुकली. धंद्यातही तसंच आहे. आपलं गिऱ्हाईक पहिल्या वेळी नावाकडे बघून येतं, दुसऱ्या वेळी मालाकडे बघून येतं.

शिखर

पुढची कारकीर्द थोडक्यात सांगतो. राष्ट्रीय महिला विजेतेपद पाच वेळा. १९८० साली अर्जुन पुरस्कार. १९८१ साली हैदराबादला झालेली आशियाई महिला स्पर्धा त्यांनी जिंकली. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. त्याच वर्षी महिला आंतरराष्ट्रीय मास्टर हा किताब. १९८३ साली क्वालालंपूरला आशियाई विजेतेपद दुसऱ्यांदा. ऑलिंपियाडमध्ये देशाकडून खेळल्या.

त्या काळी बुद्धिबळात पैसा कितीसा होता? आजच्यासारखे प्रायोजक नाहीत, घरबसल्या मोबाईलवर सराव नाही. डाव अपुरा राहिला तर तहकूब व्हायचा. पुढची चाल लिफाफ्यात बंद करून पंचाकडे द्यायची आणि रात्रभर जागून त्याच डावावर डोकं चालवायचं. तरीही ती मुलगी वीस वर्षांच्या आत आशियाची विजेती झाली.

आता इथे आपल्या कामाचा प्रश्न येतो. समजा तुम्ही आशियाचे विजेते आहात. अर्जुन पुरस्कार भिंतीवर आहे. घरचं दैनिक आहे, घरचा छापखाना आहे. खेळ सोडल्यावर तुम्ही काय कराल?

आपल्यापैकी बहुतेक जण सरळ जाऊन केबिनमध्ये बसतील. खरं सांगतो, मीही बसलो असतो.

१९९३ नंतरची गोष्ट

१९९३ साली रोहिणी खाडिलकर स्पर्धात्मक बुद्धिबळातून निवृत्त झाल्या. तेव्हा त्यांचं वय तीस. त्यानंतर त्या विद्यार्थी झाल्या. आधी पत्रकारितेची पदविका केली आणि त्यात सुवर्णपदक मिळवलं. मग छपाईच्या तंत्राचं शिक्षण घेतलं. पुढे 'नवाकाळ'मध्ये काम केलं. आणि डिसेंबर १९९८ पासून 'संध्याकाळ' या सायंदैनिकाच्या संपादक झाल्या.

१९९३ ते १९९८. मोजा. पाच वर्षं.

त्यांच्याबद्दल कुणी बोललं की १९७६ बद्दल बोलतात, १९८१ बद्दल बोलतात. या पाच वर्षांबद्दल फारसं कुणी बोलत नाही. कारण यात कप नाही, हार-तुरे नाहीत. आशियाई विजेती बाई वर्गात बाकावर बसून शाई, कागद आणि यंत्र समजून घेते, यात टाळ्या वाजवण्यासारखं काय आहे? पण धंदा करणाऱ्या माणसासाठी त्यांच्या कारकिर्दीतला सगळ्यात मोठा धडा मला इथेच दिसतो.

जुन्या पटावर तुम्ही वजीर असाल. नव्या पटावर सुरुवात प्याद्याचीच. प्याद्याला वजीर होता येतं, हा बुद्धिबळाचा नियमच आहे. पण एकेक घर चालत शेवटच्या रांगेपर्यंत जावं लागतं. मधली घरं गाळून कुणी पोचत नाही.

"पण सर, त्यांचं तर घरचंच वृत्तपत्र होतं"

हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल, आणि तो रास्त आहे. मी तो झाकून ठेवणार नाही.

हो, घरचं दैनिक होतं. मोठं नाव होतं. मुंबई होती. रिठदच्या किंवा रिसोडच्या पोराला हे मिळत नाही. त्यांचा रस्ता आणि आपला रस्ता सारखा आहे असं मी म्हणणार नाही.

पण हेच उलटं करून बघा. जिच्या घरात छापखाना आहे, ती छपाई शिकायला जाते. ती नापास झाली असती तरी तिच्या घरची चूल बंद पडणार नव्हती. आणि आपण? आपली सगळी पुंजी एका मशीनमध्ये घालतो, वर बँकेचं कर्ज घेतो, आणि शिकायला आठ दिवस काढत नाही. ज्याच्याकडे पडल्यावर झेलणारं कुणी नाही, त्याने तर जास्त शिकून उतरायला हवं. होतं बरोबर उलटं.

का होतं? माझा अनुभव सांगतो. शिकायला जायची लाज वाटते. चाळीस वर्षांच्या माणसाने, ज्याला गाव 'साहेब' म्हणतं, त्याने पंचवीस वर्षांच्या ऑपरेटरला "दादा, हे कसं करायचं?" असं विचारणं जड जातं. मशीन विकत घेणं सोपं वाटतं. त्यात फोटो निघतो, नारळ फुटतो, पेढे वाटले जातात. शिकण्याचं उद्घाटन होत नाही.

नव्या धंद्यात सोबत काय येतं, काय येत नाही

फौजी भाऊंना मी वहीत दोन रकाने आखून दिले. तुम्हीही आखा.

पहिला रकाना: सोबत न येणाऱ्या गोष्टी. जुन्या कामातलं पद. जुन्या कामाची माहिती. "लोक आपल्याला ओळखतात" ही खात्री. ओळखीने पहिले दहा गिऱ्हाईक येतात, आणि त्यातले चार उधारी मागायलाच येतात. ओळख असली की उधारी नाकारता येत नाही, हे गावात दुकान टाकलेल्या कुणालाही विचारा.

दुसरा रकाना: सोबत येणाऱ्या गोष्टी. यात असतात सवयी. बुद्धिबळातल्या तीन सवयी सांगतो. कुठल्याही धंद्यात त्या जशाच्या तशा लागू पडतात.

पहिली सवय, चाल लिहिणं. मोठ्या स्पर्धेत प्रत्येक खेळाडूला डाव चालू असताना चाली लिहाव्या लागतात. आपलीही आणि समोरच्याचीही. डाव संपला की कागदावर सही करून तो द्यावा लागतो. त्यामुळे हरल्यावर "नशीबच खराब होतं" असं म्हणता येत नाही. कागदच सांगतो की बाविसाव्या चालीला घोडा चुकीच्या घरात गेला.

आपल्या धंद्यात बाविसावी चाल कुठे लिहिलेली असते? आपण वर्षाच्या शेवटी म्हणतो, "यंदा काही उरलं नाही." कुठे गेलं, ते कुणालाच माहीत नसतं. रोज रात्री पाच ओळी लिहा. काय घेतलं, काय विकलं, उधारी किती गेली, माल किती वाया गेला, आणि आज कुठला निर्णय घेतला, का घेतला. हे "का" फार महत्त्वाचं आहे. सहा महिन्यांनी वाचाल तेव्हा कळेल की तुमचा अंदाज कुठे चुकतो.

दुसरी सवय, हरलेला डाव पुन्हा मांडणं. चांगले खेळाडू जिंकलेल्यापेक्षा हरलेल्या डावावर जास्त वेळ घालवतात. अनेकदा तर समोरच्याच खेळाडूसोबत बसून डाव पुन्हा बघतात. आपल्याकडे गिऱ्हाईक तुटलं की आपण त्याच्याशी बोलणं बंद करतो. खरं तर त्याच्याकडे जाऊन विचारलं पाहिजे, "काका, माल कुठे कमी पडला?" पहिल्यांदा जीभ उचलत नाही. पण एवढा फुकटचा सल्ला दुसरा कुणी देत नाही.

तिसरी सवय, घड्याळाकडे लक्ष. बुद्धिबळात डाव चांगला असूनही वेळ संपली म्हणून माणूस हरतो. धंद्यात आपलं घड्याळ म्हणजे खेळतं भांडवल. मशीन उत्तम, माल उत्तम, पण पुढची तूर घ्यायला हातात पैसे नाहीत, की डाव संपला. नऊ लाखांतले आठ लाख मशीन, शेड आणि वायरिंगमध्ये घालणारा माणूस घड्याळात दोनच मिनिटं ठेवून खेळायला बसतो.

पैसा गेला तरी काय उरतं: एक जुनं उदाहरण

आता थोडं लांब जाऊ. साधारण शंभर वर्षांपूर्वीच्या रशियात ओसिप बर्नस्टाइन नावाचे एक बुद्धिबळ मास्टर होते. रोहिणीताईंनी स्वतःहून पट बदलला. बर्नस्टाइन यांचा पट तीन वेळा दुसऱ्यांनी उधळला. म्हणून ही गोष्ट जोडीला घेतो.

जन्म १८८२, गाव झितोमिर. ते आज युक्रेनमध्ये आहे, तेव्हा रशियन साम्राज्यात होतं. १९०६ साली जर्मनीत हायडलबर्गला त्यांनी कायद्यात डॉक्टरेट मिळवली आणि आर्थिक व्यवहारांचे वकील झाले. दुसऱ्या बाजूला बुद्धिबळ. १९०७ साली बेल्जियममधल्या ओस्टेंडच्या स्पर्धेत ते रुबिनस्टाइन यांच्यासोबत संयुक्त पहिले आले. जगातल्या आघाडीच्या खेळाडूंमध्ये त्यांची गणना होऊ लागली. पण पोट भरायला त्यांनी वकिलीच धरली, बुद्धिबळ बाजूला चालू ठेवलं.

मग १९१७ ची क्रांती आली. कमावलेलं सगळं गेलं. देश सोडून ते पॅरिसला गेले आणि वकिली पुन्हा उभी केली. पुन्हा पैसा झाला, आणि १९२९ नंतरच्या जागतिक मंदीत तो बुडाला. पुन्हा उभे राहिले. १९४० साली जर्मन फौजा फ्रान्समध्ये घुसल्या. बर्नस्टाइन ज्यू होते, त्यांना स्पेनकडे पळावं लागलं. तिसऱ्यांदा हात रिकामे.

युद्धानंतर ते फ्रान्सला परतले. १९५० साली जागतिक महासंघाने ग्रँडमास्टर हा किताब पहिल्यांदा अधिकृतपणे दिला, तेव्हा पहिल्या २७ जणांत बर्नस्टाइन होते. १९५४ साली, सत्तरी ओलांडल्यावर, त्यांनी मोंटेव्हिडिओच्या स्पर्धेत नायडॉर्फसारख्या त्या काळच्या बलाढ्य खेळाडूला हरवलं. १९६२ साली ते गेले.

तीन वेळा पैसा गेला. तीन वेळा काय उरलं? कायद्याचं ज्ञान, व्यवहाराची समज आणि डोकं थंड ठेवून विचार करायची सवय. ते कुणाला जप्त करता आलं नाही, मंदीत बुडालं नाही, सरहद्दीवर कुणी काढून घेतलं नाही.

हे ऐकून "पैसा काय, आज आहे उद्या नाही" असं म्हणू नका. पैसा लागतो, आणि नऊ लाख परत जमवायला फौजी भाऊंकडे दुसरी सतरा वर्षं नाहीत. माझं म्हणणं एवढंच की पैसा आणि शिकणं यांत आधी काय घालायचं, याचा क्रम चुकवू नका. शिकण्यावर घातलेला पैसा बुडत नाही. न शिकता मशीनवर घातलेला पैसा भंगारच्या भावाने परत येतो.

हिशोब करून बघू

आता फौजी भाऊंच्या दाल मिलकडे येऊ. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून धरलेले आहेत. तुम्ही तुमच्या बाजारातले भाव घाला.

समजा पहिल्या हंगामात १०० क्विंटल तूर भरडली. डाळीचा भाव ११,००० रुपये क्विंटल धरू आणि चुरीचा २,००० रुपये. तुरीला तेल-पाणी नीट लागलं नाही, वाळवण कमी पडली किंवा भरडताना मशीनचं अंतर चुकलं, तर डाळ फुटते आणि चुरी वाढते. समजा हा फरक १०० क्विंटलला फक्त ४ क्विंटलचा आहे. म्हणजे ४ क्विंटल डाळ व्हायची ती चुरी झाली. प्रत्येक क्विंटलला ९,००० रुपये गेले. चार क्विंटलचे ३६,००० रुपये.

आणि हा झाला फक्त फुटीचा खर्च. डाळ एकसारखी दिसत नाही म्हणून किराणावाल्याने भाव पाडला, तर तो वेगळा. पहिल्या वर्षी गेलेलं गिऱ्हाईक तर हिशोबातच धरलेलं नाही.

आता दुसरी बाजू. दुसऱ्या तालुक्यात चालू असलेल्या दाल मिलवर हंगामात दोन महिने हमालासारखं काम करायचं. रोज शंभर रुपयांचं पेट्रोल, तीस रुपयांचा चहा-नाश्ता. साठ दिवसांचे ७,८०० रुपये. दुसऱ्या तालुक्यात का? कारण शेजारचा मिलवाला तुम्हाला शिकवणार नाही. तुम्ही उद्या त्याचेच स्पर्धक होणार आहात, हे त्याला कळतं.

७,८०० आणि ३६,०००. एवढाच प्रश्न आहे.

शिकायच्या जागाही जवळ आहेत, फक्त आपण तिकडे वळत नाही. आपल्या रिसोड तालुक्यातच करडा इथे कृषी विज्ञान केंद्र आहे. प्रक्रिया उद्योगाबद्दल तिथे जाऊन विचारा. ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था बँका चालवतात. तिथलं प्रशिक्षण मोफत असतं, राहण्या-जेवण्याची सोयही असते. महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्राचे वर्ग असतात. प्रवेशाच्या अटी आणि तारखा तिथे जाऊनच विचारा, कारण त्या बदलत असतात.

अनुदानाबद्दलही एक शब्द. खूप जण विचारतात, "सर, कुठल्या योजनेत किती टक्के मिळतं?" हा प्रश्न चुकीचा नाही, पण तो पहिला नाही. अनुदानाने मशीन स्वस्त होतं, मशीन चालवायची अक्कल येत नाही. स्वस्तात घेतलेलं बंद मशीन हे महागच पडतं.

पाच वर्षं नसतील तर?

"सर, आमच्याकडे पाच वर्षं कुठे आहेत?" बरोबर आहे. घर चालवायचं असतं. म्हणून मी एक साधा हिशोब सांगतो. हा माझा ठोकताळा आहे, कुठल्या पुस्तकातला नियम नाही.

जेवढे पैसे घालणार, त्यातला शंभरावा भाग आधी फक्त शिकण्यावर घाला. नऊ लाख असतील तर नऊ हजार. आणि जो धंदा करायचा आहे, त्याचा निदान एक पूर्ण फेरा दुसऱ्याच्या जागेवर उभं राहून बघा. पापडाचा असेल तर आठ दिवसांत फेरा पूर्ण होतो. दाल मिलचा असेल तर तूर खरेदीपासून डाळीचे पैसे हातात येईपर्यंत. मंडप-डेकोरेशनचा असेल तर लग्नसराईचा एक हंगाम. पैसे हातात येईपर्यंतचा फेरा, हे विसरू नका. माल बनवणं म्हणजे अर्धा फेरा. वसुली झाली की फेरा पूर्ण.

या आठवड्याचं काम

१. वहीत दोन रकाने आखा. तुमच्या जुन्या कामातलं काय सोबत येणार नाही आणि काय येईल, ते लिहा. रकान्यात "ओळख" लिहिली असेल तर पुढे लिहा: त्यातले किती जण रोख देतील?

२. तुमच्या धंद्याचे पाच आकडे लिहा, जे तुम्हाला झोपेतून उठवून विचारले तरी सांगता आले पाहिजेत. डाळवाल्याला उतारा, चुरी, वीजखर्च, पोत्याचा खर्च, उधारीचे दिवस. येत नसतील तर अजून शिकायचं बाकी आहे.

३. ज्याच्याकडे जाऊन शिकता येईल अशा तीन माणसांची नावं लिहा. त्यांतल्या एकाला याच आठवड्यात भेटा. वय बघू नका, तो तुमच्यापेक्षा लहान असला तरी "दादा" म्हणा.

४. आजपासून रोज रात्री पाच ओळी. धंदा सुरू झाला नसेल तरी चालेल. आज धंद्याबद्दल काय ठरवलं आणि का, एवढं लिहा.

फौजी भाऊंचं काय झालं?

त्यांनी सोमवारी ॲडव्हान्स दिला नाही. आधी रागावले माझ्यावर. म्हणाले, "सर, मी बॉर्डरवर राहिलो हाव, मले मिल चालवता येनार नाही का?" मी म्हटलं, "भाऊ, फौजेत गेल्या-गेल्या तुमच्या हातात बंदूक दिली होती, की आधी ट्रेनिंग?" यावर मात्र हसले.

मग ते खरंच दुसऱ्या तालुक्यातल्या एका मिलवर गेले. दोन नाही, पण पाच आठवडे राहिले. परवा भेटायला आले तेव्हा हातात वही होती. त्यात रोजचा उतारा लिहिलेला. मला म्हणाले, "ऐंशी-नव्वद म्हनलं होतं मी. लय चुकलो होतो." वाळवणीला किती मोकळी जागा लागते, हे त्यांनी कोटेशन घेताना विचारातच घेतलं नव्हतं. मोठ्या मोटरीला लागणारी थ्री-फेज वीज त्यांच्या प्लॉटवर नाही, हेही तिथेच लक्षात आलं. त्यांच्या हिशोबात आता शेड लहान झालं आहे, खेळतं भांडवल वाढलं आहे, आणि पहिल्या वर्षी स्वतः तूर न घेता शेतकऱ्यांची तूर मजुरीवर भरडून द्यायची, असा विचार आहे.

मशीन घेणार की नाही, ते अजून ठरलेलं नाही. नऊ लाख बँकेतच आहेत. पण आता "गावात आपल्याले कोन ओळखत नाही" असं ते म्हणत नाहीत. वही उघडून आकडा दाखवतात.

पट नवा आहे, आणि ते पहिलं घर चालले आहेत.

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत वही लिहीत राहा.